दगडोबांच्या रानातला चीन

माप बरोबर असेल, तर जगात काहीही चुकत नाही, असे किशनराव बिरादार यांचे ठाम मत होते. आणि आपले माप आजवर कधी चुकलेले नसल्यामुळे आपल्या हातून काहीही चुकणे शक्य नाही, हा त्यापुढचा निष्कर्षही त्यांनी स्वतःच काढून ठेवला होता. नांदेडच्या तंत्रनिकेतनातून स्थापत्याची पदविका घेतलेले आणि पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ चहात साखर घालतानाही चमचा बोटाने सपाट करून घेत. अशा माणसाच्या हाती जगाचा इतिहास सोपवला, तर तो एका ओळंब्यात उभा राहणार, याबद्दल निदान त्यांना तरी शंका नव्हती.

इतिहास त्यांच्या हाती आला, तो सुनेमुळे. शिल्पा ही देगलूरजवळच्या नागलवाडीच्या जिल्हा परिषद शाळेची मुख्याध्यापिका. इतिहासाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, बदलीचा शिक्षक येतो येतो म्हणत आलाच नाही, आणि सहावीचा वर्ग त्या तासाला खिडकीतून म्हशी मोजू लागला. तेव्हा सासऱ्यांनी आपण होऊन हात वर केला.

"मामा, तुम्ही इतिहास शिकवणार?" शिल्पाची पोळी तव्यावर तशीच राहिली.

"का? इतिहास म्हणजे काय? पूर्वीच्या लोकांनी काय काय बांधलं, त्याची हकीकत! बांधकाम माझा विषय आहे."

"पण मामा, शनिवारी केंद्रप्रमुख आनंदराज सर येणार आहेत. त्यांना तुमचा तास पसंत पडला, तर वर्षभर तुम्हीच. नाहीतर सहावीला पाचवीच्या वर्गात बसवावं लागेल आणि इतिहास ज्यानं त्यानं घरी वाचायचा."

"येऊ देत," किशनराव म्हणाले. "मोठमोठ्या तपासण्या पार केल्यात मी!"

वरवर ते असे बोलले खरे. पण आत त्यांचे पाणी झाले होते. निवृत्त झाल्यापासून गावाला त्यांची आठवण व्हायची ती एकाच कारणासाठी: "किशनराव, जरा विहिरीवरची मोटार बघता का?" नोकरीत त्यांना जन्मभर लोकांनी 'साहेब' म्हटले होते, पण तो मान खुर्चीचा होता, हे निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी कळले. दुसऱ्या दिवशी ते सहावीच्या वर्गात शिरताच पोरे उभी राहिली आणि एका सुरात ओरडली, "नमस्ते, सऽऽर!" तेव्हा या पाषाणासारख्या माणसाने चष्मा पुसण्याचे निमित्त करून खिडकीकडे तोंड वळवले. ते 'सर' आता शनिवारपर्यंतच उरले होते.

पाठ होता सिंधू संस्कृतीचा. किशनरावांना अर्धवट काम पसंत नसे. सिंधू घ्यायची तर तिची भावंडे नकोत का? इजिप्तची नाईल, मेसोपोटेमियाच्या दोन नद्या, चीनची पिवळी नदी, सगळे एकदमच! आणि तेही फळ्यावर? छे! जगाचा नकाशा थेट शाळेच्या मैदानावर आखायचा, नद्या चुन्याच्या फक्कीने काढायच्या, काठावर पोरांनी मातीची नगरे बांधायची आणि आपापल्या नगरात उभे राहून केंद्रप्रमुखांना माहिती सांगायची. एक मीटर म्हणजे शंभर किलोमीटर, असे प्रमाण ठरले. कपाटातून तिपाईवरची दुर्बीण निघाली. निवृत्त होताना खात्याच्या लिलावात त्यांनी ती विकत घेतली होती आणि नातवाला हात लावू देत नसत, इतकी ती जपली होती. खुंट्या आल्या, लाल झेंड्या आल्या, सुतळीचे बंडल आले.

काम झपाट्याने सुरू झाले. इजिप्त पश्चिमेला, पाण्याच्या टाकीजवळ बसला. मेसोपोटेमिया खिचडीच्या शेडसमोर आला. त्यावर स्वयंपाकीण पार्वतम्मा उलथणे घेऊनच बाहेर आली.

"अय्यो! सर, माझ्या चुलीसमोरून काय काढून राहिले?"

"युफ्रेटिस नदी, पार्वतम्मा."

"नदी? मंग नीळ्ळु येणार?" पाण्याचा विषय निघाला, की पार्वतम्माच्या तोंडात माहेरची तेलुगू येई.

"येणार म्हणजे? शनिवारी साहेबांसमोर मी स्वतः सोडणार आहे!" किशनराव उत्साहाने म्हणाले. त्यांच्या मनात बादलीभर पाणी होते. पार्वतम्माच्या मनात किती होते, ते त्यांनी विचारले नाही.

सिंधू नदी झेंड्याच्या खांबाशी बरोबर बसली. मग मात्र टेप पूर्वेकडे सरकू लागला आणि घोटाळा लक्षात आला. मैदान गंगेच्या खोऱ्यातच संपत होते! चीन सगळा बाहेर, शाळेला लागून असलेल्या दगडोबांच्या रानात पडत होता.

"सर, चीन जरा अलीकडं घ्या ना," सहावीतली साक्षी म्हणाली. ही पोरगी वर्गात सगळ्यांत हुशार आणि त्यामुळे सगळ्यांत त्रासदायक होती.

"चीन अलीकडे? बाळ, देश काय माझ्या सोयीनं सरकवायचे? प्रमाण एकदा ठरलं की ठरलं!"

पूर्वेकडची कुंपणभिंत कागदावर उभी होती, जमिनीवर नव्हती. सोयाबीन निघून दगडोबांचे रान मोकळे पडलेले होते. दगडोबा लेकीकडे, लातूर जिल्ह्यात मुरुडला गेलेले. किशनरावांनी रीतसर त्यांच्या पत्नीला, गुणाबाईंना विचारले, "मैदान कमी पडतंय. पोरांचा धडा जरा तुमच्या रानात नेऊ का?"

"न्या की! रान काय उचलून न्यायलाव व्हय?" गुणाबाई म्हणाल्या.

आणि अशा रीतीने पिवळी नदी लाल झेंड्यांसह, पांढऱ्याशुभ्र फक्कीने, दगडोबांच्या रानातून नागमोडी वळणे घेत बांधापर्यंत पोचली.

आता एक गोष्ट किशनरावांनी ध्यानात घ्यायला हवी होती, आणि घेतली नाही. आपल्या भागात पांढरी फक्की म्हणजे साधी भुकटी नव्हे. रानात फक्की पडली, तिच्या कडेला लाल झेंडी लागली आणि तिपाईमागे एक डोळा मिटलेला पाटबंधारेवाला दिसला, की सरकारी काम मंजूर झाले, हे शेंबडे पोरही सांगेल. मग ते कशाचे, हे फक्त ठरायचे राहते. जन्मभर किशनरावांनी हेच काम केले होते. फक्की कशासाठी टाकली, हे लोकांना समजावून सांगण्याची पाळी मात्र त्यांच्यावर कधी आली नव्हती. त्यासाठी खात्यात वेगळा माणूस असे.

दगडोबा मुरुडहून परतले, ते सरळ रानात गेले आणि जागीच थिजले. नदीच्या मध्यावर साक्षी मातीचे घर लिंपत बसली होती.

"ए पोरी, ह्ये काय हाय गं?"

"पिवळी नदी हाय, आजोबा."

"कुठून येती?"

"वर डोंगरातून."

"आन् माझ्या रानातून जाती?"

"हाव. मंग समुद्राला."

"कोन म्हनलं?"

"बिरादार सर म्हनले. त्यांनीच मोजली की दुर्बिणीतून!" पाठांतर पक्के असल्यामुळे साक्षी पुढे आपोआप सुरू झाली, "हिला सारखा पूर येतो. गावंच्या गावं वाहून जातात. म्हणून लोक हिला दुःखाची नदी म्हणतात."

दगडोबांनी बांधाचा आधार घेतला. "मंग... लोकांनी काय करायचं?"

"बांध घालायचे. राजा गावातून माणसं धरून नेतो आणि कामाला लावतो."

"आन् मजुरी?"

"ते पुस्तकात न्हाई, आजोबा."

दगडोबा घरी आले, ते खाटेवर आडवेच झाले. गुणाबाईंनी समजूत घातली, "आवो, पोराईचा धडा हाय म्हनले किशनराव!"

"पोराईचा न्हाई! त्यो माझा धडा हाय! मागं पंचाइतीच्या निवडनुकीत म्या त्यांच्या पुतन्याला मत दिलं न्हाई, त्याचा वचपा काढायलाय बिरादार!"

बातमी गावात पोचली, तेव्हा तिचे कालव्यात रूपांतर झाले होते. सरपंच भागवत यांनी पारावर बसून तिचा उलगडा केला. भागवत वयाने तरुण, पण कोणतीही गोष्ट आपल्याला आधीच ठाऊक होती, असा चेहरा करण्यात मुरलेले.

"मोठा कालवा मंजूर झालाय. अजून वरून जाहीर केलेला न्हाई. म्हनून तर रिटायर मानूस लावला आन् लेकराईच्या हातून मोजून राहिले, खामखा बोभाटा नको! शनिवारी मोठा सायब येऊन पानी सोडनार. पार्वतम्माला सोता बिरादार सायब बोललेत!"

संध्याकाळी भागवत वांग्यांची टोपली घेऊन किशनरावांच्या ओसरीवर हजर झाले.

"सायब, तुमची नदी बघितली. काय काम केलंय! झकास!"

किशनरावांची छाती इंचभर फुगली. गावाचा सरपंच जगाच्या इतिहासात रस घेतो, ही बाब त्यांना अनपेक्षित होती. "आवडली ना? बरीच मेहनत आहे."

"पन एक इनंती हाय. दगडोबाच्या रानातून कशाला नेता? आमच्या माळावरून घ्या की! जरासं वळन द्यायचं. नदीला काय, वळली तर वळली!"

"सरपंच, ते माझ्या हातात नाही हो," किशनराव हसून म्हणाले. "ती हजारो वर्षं तिथूनच वाहतेय."

भागवत गालात हसले. प्रत्येक अधिकारी पहिल्या भेटीत असेच काहीतरी बोलतो, हा त्यांचा अनुभव होता. "समजलं, सायब. मी उद्या पुन्हा येतो. वांगी राहू द्या."

"शिल्पा!" पाहुणा जाताच किशनराव आत ओरडले, "लोकांना इतिहासाची केवढी भूक आहे, बघ! वांगी घेऊन येतात, पिवळ्या नदीवर बोलतात!"

शिल्पाने टोपलीकडे पाहिले, सासऱ्यांकडे पाहिले. "मामा, आपल्या गावात इतिहासापायी कोणी वांगी देत नाही," ती म्हणाली. पण किशनराव तोवर पुढच्या पाठाच्या विचारात गढून गेले होते.

सकाळी ते रानात गेले आणि पाहतात तो काय! पिवळी नदी जागेवर नव्हती! खुंट्या, झेंड्या, सुतळी सगळे लवाजम्यासह उठून भागवतच्या खडकाळ माळावर गेले होते. फक्कीसुद्धा नवी! किशनरावांनी दुर्बिणीच्या पातळीचा बुडबुडा तपासला, काच पुसली, टेप उलटा धरून पाहिला. माणसाने रोज आरशात पाहावे आणि एके दिवशी नाक कानाजवळ दिसावे, तशी त्यांची अवस्था झाली. आपले माप चुकले? इतक्या वर्षांत कधी नाही, आणि आता, शनिवार तोंडावर आला असताना? कुणाला न सांगता त्यांनी नदी परत जागेवर आणली.

दुसऱ्या सकाळी नदीने कमाल केली. दगडोबांच्या रानातून ती पार निघून गेली होती आणि मैदानात शिरून, गंगा ओलांडून, थेट मोहेंजोदडोच्या स्नानगृहात पडली होती!

पोरे गोळा झाली. आता काहीतरी सांगणे भाग होते. किशनराव खाकरले. "मुलांनो, नद्या... आपलं पात्र बदलत असतात."

"सुतळीसकट, सर?" साक्षीने विचारले.

किशनरावांनी पोरांना वर्गात पिटाळले. घरी येऊन त्यांनी दुर्बिणीला खोळ घातली आणि तिच्याकडे पाठ करून बसले. "शिल्पा, माझं वय झालं," ते हळूच म्हणाले. "शनिवारी साहेबांना सांग, मोटारी बघायला मी आहे. शिकवायला दुसरा बघा."

"मामा, नदी पुन्हा आखा," शिल्पा म्हणाली. "पोरं रोज घरी जाऊन आईबापांना बॅबिलॉन सांगायलीत. इतके दिवस पिनकोडसुद्धा पाठ नव्हता त्यांना."

शनिवार उजाडला, तेव्हा पिवळी नदी पुन्हा आपल्या जागी आखलेली होती. केंद्रप्रमुख आनंदराज सर मोटारसायकलवरून शाळेच्या फाटकाशी आले आणि आपण चुकून लग्नात शिरलो, असे त्यांना वाटले. मैदानाच्या कडेने मांडव होता. बायका डोक्यावर घागरी घेऊन युफ्रेटिसच्या काठी रांगेत उभ्या होत्या, आणि रांगेच्या तोंडाशी पार्वतम्मा होती. पुरुषमंडळींच्या खिशांतून सातबारे डोकावत होते. आनंदराज सरांनी हेल्मेट काढताच भागवतने त्यांच्या गळ्यात हार घातला आणि हातात कुदळ दिली.

"मारा, सायब!"

"काय मारू?" आनंदराज सर कुदळीकडे पाहत राहिले.

"पयला घाव! मुहूर्त टळून राहिलाय. नारळ मी फोडतो!"

"अहो, पण मी सहावीचा इतिहास बघायला आलोय!"

"बघा की! समदा सुरुवातीपासून सांगतो. सगळा इतिहास ह्या दगडोबानं बिघडवलाय!"

त्याच वेळी पूर्वेकडून आरोळी आली. दगडोबा पिवळ्या नदीच्या पात्रात आडवे झाले होते! डोक्याखाली उशीला मातीचा राजवाडा घेतलेला, आणि दोन्ही हात पसरलेले.

"न्या नदी! माझ्या अंगावरून न्या! पर म्या उठत न्हाई!"

"मामा, हे काय चाललंय?" शिल्पाने विचारले.

किशनरावांना तेच कुणाला तरी विचारायचे होते. कुदळ, घागरी, सातबारे आणि आडवे झालेले दगडोबा यांचा इतिहासाशी काय संबंध, याचे गणित ते मांडू पाहत होते, आणि उत्तर दर वेळी वेगळे येत होते. शेवटी ते दगडोबांकडे धावले.

"दगडोबा, उठा! राजवाडा मोडेल! अहो, ही नदी तुमची नाहीच. ही चीनची आहे!"

दगडोबा सावकाश उठून बसले.

"चीनची?" त्यांनी विचारले. "आता चीन बी घुसला व्हय माझ्या रानात?"

"कलेक्टरला ठाव हाय का?" मागून कोणीतरी ओरडले.

"घुसला नाही हो! जागा कमी पडली, म्हणून मीच आणला!"

"ऐका! सोता आनला म्हनतात!" दगडोबा ताडकन उठले आणि त्यांनी जवळची खुंटी उपटली. "न्हाई ठेवत! काल बी म्याच उपटली, आज बी उपटतो!"

"ठेव ती!" भागवतने धावत येऊन खुंटीचे दुसरे टोक धरले. "मायला, परवा एवढ्या मेहनतीनं माझ्या माळावर लावली, ती तूच हालवलीस व्हय!"

खुंटी एक, धरणारे दोघे, आणि मधे किशनराव. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू प्रकाश पडू लागला. हा प्रकाश कालव्याचा नव्हता, चीनचाही नव्हता.

"म्हणजे," ते आनंदाने ओरडले, "म्हणजे माझं माप बरोबर होतं!"

त्यांच्या या आनंदात कोणीही सहभागी झाले नाही.

शेवटी साक्षीनेच सगळ्यांना सांगितले, "आजोबा, नकाशा हाय ह्यो. खोटा-खोटा. कालवा न्हाई, काई न्हाई. आमचा इतिहासाचा तास हाय."

गर्दीतून एक दीर्घ उसासा निघाला. रान वाचले, म्हणून दगडोबांचा चेहरा खुलायला हवा होता. पण तोही जरा उतरलाच. पार्वतम्माने घागर जमिनीवर टेकवली. "म्हंजे नीळ्ळु न्हाई," ती एवढेच म्हणाली. किशनरावांनी मान खाली घातली. आयुष्यात एवढी फक्की टाकली, पण फक्कीकडे लोक कोणत्या नजरेने पाहतात, ते त्यांना आज दिसले होते. शनिवार हातचा गेला, हेही दिसले होते.

आनंदराज सरांनी हार काढला, कुदळ बाजूला ठेवली आणि ते साक्षीसमोर उभे राहिले. "बरं, तास तर तास. सांग बाळ, जुन्या संस्कृती नदीकाठीच का वाढल्या?"

"पाण्यासाठी, सर." साक्षीने घागरींच्या रांगेकडे बोट केले. "पाणी येणार म्हणलं की माणसं अशी जमतात."

"मग मेसोपोटेमियातली नगरं आपसात का भांडायची?"

साक्षीने दुसरे बोट खुंटीकडे केले. भागवत आणि दगडोबा यांनी ती एकदम सोडली.

"आणि राजा कशाला लागला?"

"भांडण मिटवायला, सर. मंग त्यानं भांडण तसंच ठेवलं आन् कर बसवला."

आनंदराज सरांनी रुमालाने तोंड झाकले. त्यांचे खांदे बराच वेळ हलत होते. मग ते शिल्पाकडे वळले. "मॅडम, इतक्या वर्षांत असा तास पाहिला नाही. अख्खं गाव बसवलंय वर्गात! वर्षभर हेच सर राहू द्या." आणि ते हळूच म्हणाले, "फक्त फक्की तेवढी काढून घ्या त्यांच्याकडून."

तेव्हापासून किशनराव सहावीला फळ्यावरच शिकवतात. दुर्बीण कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली शिल्पाच्या कमरेला आहे. रिकाम्या वेळी ते पार्वतम्माच्या शेडपर्यंत खरोखरची नळजोडणी नेण्याच्या खटपटीत असतात. त्या कामासाठी मात्र टेप वापरण्याची परवानगी मिळाली आहे.

परवा त्यांनी नवा पाठ काढला. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले, 'रेशीम मार्ग', आणि पोरांकडे वळून म्हणाले, "हा मार्ग चीनमधून निघायचा आणि..."

खिडकीच्या गजांतून एक पागोटे आत आले. पागोट्याखाली दगडोबा होते.

"सर," इतक्या दिवसांत प्रथमच ते त्यांना सर म्हणाले होते, "चीन म्हंजे आपलंच रान न्हवं का?"

"हो... म्हणजे, प्रमाणात धरलं तर."

"मंग मार्ग आपल्यातूनच काढा. आता म्या आडवा पडत न्हाई. रोडटच रानाला भाव लई हाय!" दगडोबांनी आवाज खाली आणला. "रुंदी किती फूट धरायलाव?"

किशनरावांनी पोरांकडे पाहिले, दाराकडे पाहिले. शिल्पा कुठे दिसत नव्हती. त्यांचा हात नकळत खिशातल्या टेपकडे गेला.